डिजिटल प्रतिकृती आणि व्यक्तीच्या आवाजाचे कायदेशीर संरक्षण

गायकाचे गाणे आणि गायकाचा आवाज या कायद्याच्या दृष्टीने दोन भिन्न गोष्टी आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आगमनापर्यंत या भेदाचे व्यावहारिक महत्त्व फारसे जाणवले नव्हते. आता मात्र एखाद्या गायिकेच्या उपलब्ध ध्वनिमुद्रणांवरून संगणकीय प्रणालीस तिच्या आवाजाचे गुणधर्म शिकविता येतात आणि तिने कधीही न गायिलेले गीत तिच्याच आवाजात निर्माण करता येते. अशा गीतात मूळ ध्वनिमुद्रणाचा कोणताही भाग जसाच्या तसा असण्याची आवश्यकता नसते. प्रचलित कायदा अपुरा पडतो तो याच ठिकाणी.

कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ३८ अन्वये सादरकर्त्यास हक्क प्राप्त होतात. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३८-बी त्याच्या सादरीकरणाच्या विकृतीकरणास प्रतिबंध करते. परंतु ही दोन्ही कलमे प्रत्यक्ष झालेल्या सादरीकरणाशी निगडित आहेत. जे गायिलेच गेले नाही, त्यास ती लागू करणे कठीण ठरते. केवळ आवाजाची नक्कल हा कॉपीराइटचा भंग मानला जात नाही, आणि नकलाकारांची परंपरा पाहता ते योग्यही आहे.

त्यामुळे ही उणीव न्यायालयांना भरून काढावी लागली. संमतीशिवाय एखाद्याचे नाव वा प्रतिमा वापरणे हा खासगीपणाचा भंग ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने राजगोपाल खटल्यात १९९४ मध्येच मान्य केले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचे नाव, प्रतिमा व आवाज यांसह त्यांच्या 'झकास' या उद्गारासही संरक्षण दिले. (हा शब्द मराठी बोलीत सर्वांचाच असल्याने येथे संरक्षण शब्दास नसून त्याच्या विशिष्ट उच्चारशैलीस आहे, असेच मानावे लागेल.) जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंह यांच्या प्रकरणात एक पाऊल पुढे टाकले. बनावट गीत प्रसृत करणेच नव्हे, तर कोणाचाही आवाज प्रसिद्ध गायकाच्या आवाजात रूपांतरित करणारे साधन त्याच्या परवानगीविना उपलब्ध करून देणे हाही व्यक्तिमत्त्व हक्काचा भंग होय, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने तीच दिशा कायम ठेवली.

तथापि, हे आदेश अंतरिम स्वरूपाचे आहेत आणि त्यांचा आधार मुख्यतः वादीची ख्याती व तिचे व्यापारी मूल्य हा आहे. ज्यास ख्याती नाही, त्याचे काय? महाविद्यालयीन अध्यापकाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. उपरोक्त अधिनियमातील 'सादरकर्ता' या संज्ञेत अभिनेता, गायक, डोंबारी व गारुडी यांच्याबरोबरच व्याख्यान देणारी व्यक्तीही समाविष्ट आहे. म्हणजे अध्यापकाच्या मुद्रित व्याख्यानास संरक्षण आहे. पण त्याच व्याख्यानांवरून त्याचा आवाज तयार करून त्याने न मांडलेले विचार त्याच्या तोंडी घातले गेल्यास हा हक्क त्याच्या फारसा उपयोगी पडत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ६६-डी तोतयेगिरीस शिक्षा सांगते, परंतु त्यासाठी फसवणूक सिद्ध व्हावी लागते. उरतो तो खासगीपणाचा मूलभूत हक्क. २०१७ च्या पुट्टस्वामी निर्णयाने तो निःसंदिग्ध केला असला, तरी त्याच्या आधारे उच्च न्यायालयात दाद मागण्याचा खर्च सामान्य वेतनदारास परवडणारा नाही.

मृत्यूनंतरचा प्रश्न याहून बिकट आहे. सुशांतसिंह राजपूत यांच्या संदर्भात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असे मत नोंदविले की, हे हक्क व्यक्तीबरोबरच संपुष्टात येतात, ते वारसांकडे जात नाहीत. याउलट अमेरिकेतील टेनेसी राज्यात नाव व प्रतिमेचा हक्क पूर्वीपासूनच वारसांकडे जातो, आणि १ जुलै २०२४ पासून तेथील कायद्याने आवाजासही त्यात स्थान दिले आहे. भारतात सादरकर्त्याचा मुद्रित सादरीकरणावरील हक्क पन्नास वर्षे टिकतो. दिल्लीचे मत ग्राह्य धरल्यास, ज्या आवाजात ते सादरीकरण झाले त्या आवाजाला मात्र गायकाच्या मृत्यूनंतर एक दिवसाचेही संरक्षण उरत नाही.