तुटलेला हीटर प्लग

नाशिक व सांगलीकडील द्राक्षबागांत दोन ओळींमधून चालणारे लहान ट्रॅक्टर आतां सर्वत्र दिसतात. यांपैकीं पुष्कळांच्या एंजिनांत डिझेल सरळ पिस्टनवर न फवारतां हेडांतील एका लहानशा कोठींत फवारलें जातें. जर्मनींत प्रॉस्पर लोरांज यांनीं १९०९ सालीं ज्या पूर्वकोठीचें पेटंट घेतलें, त्याच कुळांतील ही रचना होय. हिच्या योगानें एंजिन मऊ चालतें. परंतु थंडीत कोठीच्या भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात व डिझेल पेट घेत नाहीं. म्हणून प्रत्येक कोठींत विजेनें तापणारी एक सळई बसविलेली असते. तिला कारखानदार ग्लो प्लग व आपले मिस्त्री हीटर प्लग म्हणतात.

निफाडकडे थंडीच्या ऐन दिवसांत पारा दहा अंशांखालीं उतरतो, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीचा एक दिवस चुकला तरी केवडा वाट पाहत नाहीं. अशा पहाटे तीनांपैकीं दोन प्लग निकामी असले, म्हणजे एंजिन नुसता पांढरा धूर सोडीत राहतें. मग घाईनें प्लग काढावयास घेतला जातो, आणि पाना फिरतो तो प्लगचें डोकें घेऊनच. थोडक्या किमतीच्या वस्तूपायीं सबंध हेड उतरविण्याची पाळी येते.

प्लग अडकतो तो दोन ठिकाणीं. आटे गंजानें धरतात, आणि खालच्या निमुळत्या भागाभोंवतीं काजळी भरून ती दगडासारखी होते. नोझल पिचकारीसारखें डिझेल सोडूं लागलें, किंवा प्लगला बेताबाहेर वीज मिळाली, तर टोक फुगतें; मग तें भोकांतून बाहेर येणेंच अशक्य होतें.

हें काम थंड एंजिनावर करूंच नये. त्या दिवसापुरता शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून आणावा. दुपारीं ऊन चढल्यावर एंजिन सुरू झालें कीं तें चांगलें तापूं द्यावें. आदल्या रात्रीं आट्यांच्या तोंडाशीं गंज सोडविणारें तेल सोडून ठेवावें. जो प्लग अद्याप तापतो त्यास काढण्यापूर्वीं स्वतंत्र तारेनें चार-पांच मिनिटें बॅटरीची वीज द्यावी. त्यानें भोंवतालची काजळी जळून सैल पडते. यानंतर मोजमापाचा पाना, म्हणजे टॉर्क पाना, लावावा. आठ मिलिमीटर आट्याचा प्लग सुमारें २० न्यूटन-मीटर जोराला व दहा मिलिमीटरचा सुमारें ३५ न्यूटन-मीटरला तुटूं शकतो. वीतभर लांबीच्या पान्यावर हा ओढा अनुक्रमें नऊ व सोळा किलोंच्या आसपास येतो, म्हणजे एका हाताचें काम. पान्यास नळी लावून जोर करणाऱ्या मिस्त्र्याचा हात तेथेंच धरावा. थोडा सुटला कीं पुन्हां आंत फिरवावा, तेल द्यावें, परत सोडवावा. अशा मागेंपुढें करण्यांत अर्धा तास गेला तरी तो जाऊं द्यावा.

इतकें करूनहि तुटला, तर प्रथम काय तुटलें तें पाहावें. डोकें जाऊन धड आट्यांत राहिलें असेल व त्याचा थोडा भाग वर दिसत असेल, तर बॅटरीच्या तारा सोडून त्यावर नट वेल्ड करणें हा मला सर्वांत चांगला उपाय वाटतो. वेल्डच्या उष्णतेनेंच आटे पुष्कळदां सुटतात. वर कांहींच नसेल तर मधली सळई ओढून किंवा कोरून काढावी, आणि बरोबर मध्यावर राहील अशा मार्गदर्शक नळींतून उलट्या धारेचा बिट चालवावा. बिटास दाट ग्रीस लावावें, म्हणजे कीस त्यास चिकटतो. उलट आट्यांचा ईझी-आउट सर्वत्र वापरतात, पण तो पोलादाचा इतका कठीण असतो कीं आंत तुटल्यास त्यावर साधा बिट चालत नाहीं. मग दुखणें दुप्पट होतें. हेड ॲल्युमिनियमचें असेल तर हें काम चांगल्या लेथवाल्याकडेच न्यावें.

धड आलें व टोक आंत राहिलें, तर मात्र एंजिन एक फेराहि फिरवूं नये. नोझल काढून त्या वाटेनें टोक चिमट्यानें निघतें का तें पाहावें. न निघाल्यास हेड उतरवावेंच. पिस्टन व सिलिंडर यांच्या मानानें गास्केटचा खर्च कांहींच नव्हे.

नवा प्लग बसविण्यापूर्वीं भोकांतील काजळी त्याच मापाच्या रीमरनें काढावी. आठाचा प्लग सुमारें १० व दहाचा १५ न्यूटन-मीटरपेक्षां फारसा अधिक आवळूं नये. प्लग असलेल्या एंजिनांत एथरचा फवारा कदापि मारूं नये. तापलेल्या टोकावर तो अवेळीं भडकतो. शेवटीं एंजिन सुरू होऊन कांहीं मिनिटें झाल्यावर प्लगकडे वीज अजून जाते काय, हें चांचणीच्या दिव्यानें पाहावें. जात असल्यास रिले चिकटलेला आहे, आणि जुन्या प्लगचें टोक त्यानेंच फुगविलें असण्याचा संभव आहे.