कॅरींच्या घरातली बंद खोली

मार्च संपत आला की सह्याद्रीच्या रानात कुंभा फुलतो. फूल संध्याकाळी उमलतं. पांढऱ्या पाकळ्यांच्या मधोमध गुलाबी पुंकेसरांचा झुबका असतो आणि सकाळी झाडाखाली त्यांचा सडा पडलेला दिसतो. या झाडाचं शास्त्रीय नाव करेया आर्बोरिया. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी ते आपल्या मित्रावरून ठेवलं. तो मित्र म्हणजे विल्यम कॅरी, श्रीरामपूरचे बाप्टिस्ट पाळक. (आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, हुगळीकाठचं.) मराठी माणसाचं त्यांच्याशी नातं कुंभ्यापुरतं नाही. 1805 मध्ये त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं, 1810 मध्ये कोश. कोशातले मराठी शब्द मोडीच्या खिळ्यांनी जुळवले होते. मराठी मुद्रणाच्या इतिहासाचं पहिलं पान त्यांच्याशिवाय लिहिता येत नाही.

मला मात्र त्यांच्या घराबद्दल सांगायचं आहे, आणि त्या घरातल्या डोरोथी नावाच्या बाईबद्दल.

कॅरींचा जन्म 1761 चा, इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातल्या पॉलर्सपरी गावचा. वडील एडमंड आधी विणकर, पुढे गावचे शाळामास्तर. उन्हात काम केलं की मुलाच्या कातडीला त्रास व्हायचा, म्हणून शेतमजुरी सोडवून त्याला चांभाराकडे उमेदवारीला ठेवलं. 10 जून 1781 रोजी त्यांचं डोरोथी प्लॅकेटशी लग्न झालं. नवरा वीस वर्षांचाही नव्हता आणि बायको पाच-सहा वर्षांनी मोठी. चर्चच्या नोंदवहीत सहीच्या जागी डोरोथीनं फुली मारली, कारण तिला लिहिता येत नव्हतं. पुढे चाळीसभर भाषांत बायबल नेण्याचा खटाटोप करणाऱ्या माणसाचा संसार असा एका फुलीनं सुरू झाला.

बाप्टिस्ट पंथात तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. जाणत्या वयात, स्वतःच्या कबुलीनं, पाण्यात पूर्ण बुडवून देतात. कॅरींनी तो 1783 मध्ये नेन नदीत घेतला. मग मोल्टन गावी पाळकपद आणि शाळा, जोडीला चपला शिवणं. एवढं करूनही घरात चणचण असायचीच. पहिली मुलगी अॅन दोन वर्षांची होऊन तापानं गेली, पुढे लूसी गेली. 2 ऑक्टोबर 1792 ला केटरिंगच्या एका विधवा बाईच्या घरी मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा वर्गणी जमली 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स. त्या जोरावर पाळकबुवांनी हिंदुस्थानात जायचं ठरवलं.

डोरोथी म्हणाली, मी येणार नाही. समुद्रापासून दूर वाढलेली, दिवस गेलेली, तीन मुलं पदरात असलेली बाई दुसरं काय म्हणणार? कॅरी थोरल्या फेलिक्सला घेऊन निघाले. पण कंपनी सरकारचा परवाना नसल्यामुळे जहाजावरून उतरावं लागलं. त्या खोळंब्यात डोरोथी बाळंत झाली. मग कॅरींचे सोबती डॉक्टर जॉन थॉमस यांनी तिला गाठलं आणि आत्ता आली नाहीस तर जन्मभर पस्तावशील, असं बजावलं. काही तासांत ती तयार झाली. अट एकच, बहीण किटी सोबत हवी. 13 जून 1793 ला डोव्हरहून डॅनिश जहाज सुटलं तेव्हा धाकटा जेबेझ जेमतेम महिना-सव्वा महिन्याचा होता.

कॅरींची भक्तिभावानं लिहिलेली जुनी चरित्रं इथून पुढे बाईंना आडकाठी म्हणून रंगवतात. मला ते अन्यायाचं वाटतं. पाच महिन्यांचा प्रवास करून ती आली, आणि आल्या आल्या पैसे संपले. एका जागेहून दुसऱ्या जागी करत बिऱ्हाड सुंदरबनाच्या कडेला देभाट्याला पोचलं. ती आणि फेलिक्स हगवणीनं हैराण झाले होते. तिथेच किटीनं एका इंग्रजाशी लग्न ठरवलं आणि ती मागे राहिली. जिच्या भरवशावर डोरोथीनं घर सोडलं, तीच बहीण सुटली. कॅरींना मालद्याकडे मदनावती इथं निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. तिथं 1794 मध्ये पाच वर्षांचा पीटर गेला. जातीच्या धाकानं पेटी करायला, खड्डा खणायला कोणी पुढे येईना; महत्प्रयासानं चार माणसं मिळाली.

त्यानंतर डोरोथीचं मन ढळलं. नवरा बाहेरख्याली आहे हा संशय तिच्या डोक्यात बसला तो गेलाच नाही. ती रस्त्यानं त्यांच्या मागे जायची, चारचौघांत शिव्या द्यायची. एकदा सुरी घेऊन अंगावर धावली. शेवटी तिला खोलीत कोंडून ठेवावं लागलं. वेड्यांच्या इस्पितळात ठेवा, असं लोक सुचवत. कॅरींनी ते ऐकलं नाही, घरातच सांभाळलं. एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

1800 मध्ये कुटुंब श्रीरामपूरला आलं. ही डेन्मार्कची वसाहत, म्हणून कंपनी सरकारची आडकाठी नाही. जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे दोन सहकारी मिळाले. आईवेगळी झाल्यासारखी मोकाट वाढलेली चार मुलं जोशुआची पत्नी हॅना मार्शमन आणि वॉर्ड यांनी ताळ्यावर आणली. त्याच वर्षी 28 डिसेंबरला हुगळीच्या घाटावर कृष्ण पाल या सुताराला आणि पंधरा वर्षांच्या फेलिक्सला बाप्तिस्मा दिला गेला. सात वर्षांच्या खटपटीनंतरचा हा पहिला हिंदू अनुयायी. काठावर गर्दी, डॅनिश गव्हर्नर हजर, भजनं चाललेली. आणि आवारात एका बंद खोलीत डोरोथी ओरडत होती. दुसऱ्या खोलीत थॉमस डॉक्टर. आनंदाच्या भरात त्यांचंही डोकं फिरलं होतं. ज्यानं तिला बोटीवर आणलं तो आणि ती, दोघं एकाच दिवशी असे कोंडलेले.

पलीकडच्या खोलीत काम मात्र थांबत नव्हतं. फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत. पगार 500 रुपये, पुढे 1000. त्यातला बहुतेक मिशनच्या सामाईक थैलीत जाई. मराठीच्या कामात त्यांचा उजवा हात म्हणजे नागपूरकडचे पंडित वैजनाथ. 'सिंहासन बत्तिशी', 'हितोपदेश' ही छापील मराठी पुस्तकं त्यांच्याच हातची. कोश आणि व्याकरणावर एकट्या कॅरींचं नाव झळकतं, हा त्या काळचा रिवाज. आपण तरी वैजनाथांचं नाव घ्यावं.

8 डिसेंबर 1807 ला डोरोथी वारली. मन ढळलेल्या अवस्थेतली तिची वर्षं बारा भरतात. नवऱ्याचा मराठी कोश छापून व्हायला अजून तीन वर्षं होती.

सहा महिने उलटायच्या आत, मे 1808 मध्ये, कॅरींनी शार्लट रूमोर या डॅनिश उमराव घराण्यातल्या बाईशी लग्न केलं. ती त्यांच्याच वयाची, नाजूक प्रकृतीची, बहुभाषी. सहकाऱ्यांनी नाकं मुरडली. पण हा तेरा वर्षांचा संसार सुखाचा झाला. ती भाषांतरांत त्यांच्या बरोबरीनं रस घ्यायची. 1821 मध्ये ती गेली. पुढे ग्रेस ह्यूज या विधवेशी त्यांनी तिसरा विवाह केला.

मुलांपैकी विल्यम काटव्याला मिशनरी झाला. जेबेझ आधी अंबोइना बेटावर, मग अजमेरला. जोनाथन, हिंदुस्थानात जन्मलेला एकटाच, कलकत्त्यात वकील. फेलिक्स सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत दुर्दैवी. तो ब्रह्मदेशात गेला, तिथं देवीची लस टोचू लागला, ब्रह्मी भाषेचं व्याकरण लिहिलं. 1814 मध्ये छापखाना घेऊन जाताना इरावतीत नाव उलटली. बायको-मुलं बुडाली, तो पोहून वाचला. मग तो ब्रह्मी राजाचा राजदूत बनून कलकत्त्यात थाटात वावरू लागला. बापाला वाटलं, पोरगं मिशनरीच्या मोठ्या पदावरून घसरलं. 1818 मध्ये फेलिक्स घरी परतला, बंगालीत शरीरशास्त्राचा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि 1822 मध्ये सदतिसाव्या वर्षी गेला.

कॅरी 9 जून 1834 ला वारले. मृत्युपत्रात देण्यासारखं फारसं नव्हतं. पुस्तकं विकून 1500 रुपये जेबेझला द्यावेत, कारण इतर मुलांना तेवढे आधीच दिले होते, एवढी तजवीज. आणि दफनाची जागा त्यांनी स्वतः लिहून ठेवली होती: दुसरी पत्नी शार्लट हिच्या शेजारी.