टस्कनीतील सायकल पर्यटनमार्ग

टस्कनीतील सायकल पर्यटनमार्ग : मध्य इटलीतील टस्कनी प्रदेशाच्या टेकड्यांतून, द्राक्षमळ्यांतून आणि जुन्या तटबंदीच्या खेड्यांतून जाणाऱ्या, मुख्यतः दुय्यम व कच्च्या रस्त्यांच्या मालिका. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेस क्यांतीच्या टेकड्या, सिएनाच्या आग्नेयीस 'क्रेते' हा चिकणमातीचा उघडाबोडका मुलूख आणि त्याच्याही पुढे ओर्चा नदीचे खोरे असा या मार्गांचा विस्तार आहे. यांतील बिनडांबरी रस्त्यांना इटालियन भाषेत 'स्त्रादे ब्यांके' म्हणजे 'पांढरे रस्ते' म्हणतात. चुनखडकाची बारीक खडी दाबून ते केलेले असतात आणि उन्हाळ्यात त्यांवरील धूळ पिठासारखी उडते. यूरोपात सायकलीसाठी मुद्दाम बांधलेले मार्ग पुष्कळ आहेत. डॅन्यूब नदीकाठचा मार्ग त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. टस्कनीतील मार्ग मात्र सायकलीसाठी कोणीही बांधलेले नाहीत. ते एका जुन्या शेतीव्यवस्थेने मागे ठेवलेले रस्ते असून ती व्यवस्था लयास गेल्यावर त्यांतील काही सायकलीमुळे टिकले, हे त्यांचे वैशिष्ट्य होय.

ती व्यवस्था 'मेत्सद्रिया' या नावाने ओळखली जाई. आपल्याकडील अर्धेलीच्या किंवा बटाईच्या पद्धतीशी तिचे पुष्कळ साम्य आहे : जमीन मालकाची, श्रम कुळाचे आणि उत्पन्न निम्मे निम्मे. फरक एवढाच, की टस्कनीत कूळ गावात राहत नसे. प्रत्येक कुटुंबास कसण्यासाठी दिलेल्या जमिनीतच, बहुधा टेकडीच्या माथ्यावर, दगडी घर बांधून दिलेले असे. धान्य, द्राक्षे, ऑलिव्ह, थोडी गुरे व सरपणाची झाडे ही सर्व एकाच शेतात असत. अशी अनेक शेते मालकाच्या मोठ्या वाड्याशी जोडलेली असत. तेथेच द्राक्षरसाची पिंपे, तेलघाणी आणि हिशेबाच्या वह्या असत. प्रत्येक घराला वाड्याशी, गिरणीशी, चर्चशी आणि बाजारगावाशी जोडणारी वाट लागे. त्यामुळे लोकवस्ती विरळ असूनही रस्त्यांचे जाळे दाट झाले. बैलगाडीला चढ सोपा जावा म्हणून हे रस्ते शक्यतो टेकड्यांच्या कण्यावरून नेलेले आहेत. दोन्ही बाजूंची खोरी दिसतात ती त्यामुळे. वळणावर किंवा घराच्या वाटेवर लावलेले सरूचे उंच वृक्ष दुरून खुणेसाठी उपयोगी पडत.

या भूदृश्याचे प्राचीनत्व दाखविणारा एक चित्ररूप पुरावा सिएनाच्या नगरभवनात आहे. अँब्रोज्यो लोरेंझेत्ती याने तेथे १३३८-३९ मध्ये सुशासन व दुःशासन यांच्या परिणामांची भित्तिचित्रे रंगविली. सुशासनाच्या चित्रात नगराच्या वेशीतून बाहेर पडणारा नीटनेटका रस्ता, त्यावरून माल लादलेली जनावरे हाकीत येणारे शेतकरी आणि शिकारीस निघालेले श्रीमंत स्वार दिसतात. मागच्या टेकड्यांवर शेते व द्राक्षवेली आहेत. सुरक्षित व वाहता रस्ता हेच चांगल्या राज्याचे लक्षण, असे चित्रकाराने सुचविले आहे. सिएनाहून दक्षिणेस ओर्चा खोऱ्याकडे जाणारी वाट त्याहूनही जुनी. कँटरबरीचा आर्चबिशप सिजेरिक याने रोमहून परतताना इ. स. ९९० च्या सुमारास ज्या मुक्कामांची नोंद केली, त्यांत सिएना व सान क्वीरिको ही गावे येतात. यूरोपातील लांब पल्ल्याच्या सायकलमार्गांच्या जाळ्यातील पाचवा मार्ग, लंडन ते ब्रिंडिझी, याच यात्रामार्गाच्या अनुरोधाने आखलेला आहे.

सायकल पर्यटनाचा आरंभ इंग्लंडमध्ये झाला. तेथे १८७८ मध्ये सायकल प्रवाशांचा पहिला मोठा क्लब स्थापन झाला. जॉन केंप स्टार्लीची साखळीची सुरक्षित सायकल (१८८५) आणि डनलॉपची हवा भरलेली धाव (१८८८) यांमुळे सर्वसामान्य माणसास दिवसाकाठी ५०-६० किमी. जाणे शक्य झाले. इटलीत १८९४ मध्ये मिलान येथे ५७ सायकलस्वारांनी 'टूरिंग क्लब' काढला. या संस्थेने पुढे मार्गदर्शक पुस्तके काढली आणि १९०६ पासून १ : २,५०,००० प्रमाणावरील इटलीचा नकाशा प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. तिच्या नावातील 'सायकल' हा शब्द १९०० मध्येच गळाला. मोटारीचे युग येऊ घातले होते. देशाचा नकाशा सायकलस्वारांनी सिद्ध करावा आणि त्याचा लाभ प्रामुख्याने मोटारवाल्यांस व्हावा, हा या इतिहासातील विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे.

दुसऱ्या महायुद्धात १९४४ च्या उन्हाळ्यात आघाडी याच टेकड्यांतून उत्तरेकडे सरकली. आठव्या भारतीय डिव्हिजनमधील मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान त्या वेळी फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येकडील मोंतेगुफोनी या वाड्यात होते. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांतून सुरक्षिततेसाठी हलविलेली बोत्तिचेल्लीच्या 'प्रिमाव्हेरा'सारखी अमोल चित्रे तेथेच ठेवलेली आढळली आणि त्यांवर मराठा पहारा बसला. आज सायकलीने त्या बाजूस जाणाऱ्या मराठी प्रवाशास ही हकीकत ठाऊक असावी.

युद्धानंतर कुळे जमीन सोडून कारखान्यांकडे वळली. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी घातली आणि १९८२ च्या कायद्याने उरलेल्या करारांचे खंडात रूपांतर करण्याची तरतूद केली. टेकड्यांवरील घरे ओस पडली. ज्यासाठी वाटा होत्या ती ये-जा संपली. काही रस्ते झुडपांत बुजले. जे वापरात उरले त्यांवर एकेक करून डांबर पडू लागले. डांबरीकरण ही गावाच्या दृष्टीने सोयच होती, हे नाकारता येत नाही. पण डांबराबरोबर मोटारीचा वेग येतो, आणि मग तोच रस्ता पायी चालणाऱ्यास व सायकलस्वारास परका होतो.

या बदलास अडविण्याचा प्रयत्न अनपेक्षित दिशेने झाला. क्यांतीतील गायोले या गावी जांकार्लो ब्रोच्ची याने १९९७ मध्ये 'लेरोइका' (वीरोचित) या नावाने एक फेरी भरविली. पहिल्या वर्षी ९२ सायकलस्वार होते. पुढे ही संख्या हजारांवर गेली. ही शर्यत नव्हे. सायकल १९८७ पूर्वीच्या घडणीची असावी, गिअरचे दांडे चौकटीच्या खालच्या नळीवर असावेत, ब्रेकच्या तारा उघड्या असाव्यात, पायट्यांना पट्टे असावेत असे नियम आहेत. स्वार लोकरीचे जुन्या धर्तीचे अंगरखे घालतात. वाटेतील विसाव्यांवर शिळ्या पावाचे व भाज्यांचे दाट सार आणि स्थानिक मद्य मिळते. या हौसेमागे पांढरे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, हा हेतू होता. फेरी ऑक्टोबरमध्ये भरते. तिच्या सर्वांत लांब मार्गावर आता कायमचे दिशाफलक असून तो वर्षभर कोणासही आक्रमिता येतो. २००७ पासून व्यावसायिक स्वारांची 'स्त्रादे ब्यांके' ही शर्यतही सुरू झाली. ती सिएनाच्या शिंपल्याच्या आकाराच्या चौकात संपते. स्त्रियांची शर्यत २०१५ पासून होते. १५ मे २०१० रोजी 'जिरो द इतालिया' या शर्यतीचा एक टप्पा भर पावसात याच रस्त्यांवरून मोंताल्चीनोस गेला. चिखलाने माखलेल्या स्वारांची त्या दिवशीची छायाचित्रे या रस्त्यांच्या कीर्तीस फार उपकारक ठरली.

कायम मार्गाची लांबी सु. २०९ किमी. असून त्यातील सु. निम्मा भाग कच्चा आहे. एकूण चढ साडेतीन हजार मीटरांहून अधिक भरतो. सामान्य प्रवाशाने तो तीन ते पाच दिवसांत करावा. गायोलेहून निघाल्यावर प्रथम ब्रोल्योचा किल्ला लागतो. इटलीचा दुसरा पंतप्रधान बेत्तीनो रिकासोली याचा हा वाडा. क्यांती मद्यातील द्राक्षजातींचे प्रमाण त्यानेच १८७२ मध्ये लिहून ठेवले. किल्ल्याकडे जाणारा सरूंच्या रांगांमधील पांढरा चढ लेरोइकाच्या दिवशी पहाटेच्या अंधारात दिव्यांनी उजळलेला असतो. पुढे सिएनाच्या दक्षिणेस राडी व मुर्लो ही लहान खेडी ओलांडून मार्ग मोंताल्चीनोच्या टेकडीवर चढतो. तेथून तो बुओन्कोन्व्हेन्तो या विटांच्या तटबंदीच्या गावी उतरतो. ज्यांना वेळ आहे त्यांनी येथून वाट सोडून सान क्वीरिको, भर चौकात गरम पाण्याचे कुंड असलेले बान्यो व्हिन्योनी आणि पोप दुसरा पायस याने १४५९ पासून नव्याने वसविलेले प्येन्झा ही गावे पाहावीत. ओर्चा खोऱ्याचा समावेश २००४ मध्ये जागतिक वारसास्थळांत झाला. दक्षिणेस १,७३८ मी. उंचीचा आम्याता पर्वत सतत दिसत राहतो.

बुओन्कोन्व्हेन्तो ते आश्यानो व तेथून मोंते सान्ते मारिए हा भाग सर्वांत कठीण आणि सर्वांत सुंदर होय. प्लायोसीन काळातील समुद्रतळाची माती येथे उघडी पडलेली असून पावसाने तिच्या घळी आणि पांढुरक्या घुमटाकार टेकड्या झाल्या आहेत. झाडे थोडी, घरे त्याहून थोडी. रस्ता एका टेकडीवरून उतरून लगेच दुसरीवर चढतो. चढ लांब नसले तरी तीव्र असतात आणि एकामागून एक येतात. डोंगरी घाटात एकदा चढून गेल्यावर निश्चिंती असते, तशी येथे कधीच नसते. मोंते सान्ते मारिएचा साडेअकरा किमी. चा कच्चा पट्टा तीनदा शर्यत जिंकणाऱ्या फाबिआन कान्चेलारा या स्विस स्वाराच्या नावे ओळखला जातो. त्यानंतर कास्तेल्नुओव्हो बेरार्देन्गा व राद्दा या गावांवरून मार्ग गायोलेस परत येतो.

खडीवर सायकल चालविण्याचे तंत्र निराळे आहे. सुट्या खडीच्या चढावर उभे राहून पायटे मारल्यास मागच्या चाकावरील भार कमी होऊन ते जागच्या जागी फिरते. म्हणून बसूनच व लहान गिअरमध्ये चढावे. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये, वळणापूर्वीच वेग कमी करावा. धावा निदान ३० मिमी. रुंद असाव्यात आणि त्यांतील हवा डांबरी रस्त्यावरच्यापेक्षा थोडी कमी ठेवावी. पाऊस झाल्यास क्रेतेतील माती आपल्याकडील काळ्या रानातल्या चिखलासारखी चाकात भरते व सायकल अक्षरशः खांद्यावर घ्यावी लागते. अशा वेळी डांबरी रस्त्याने वळसा घालणे शहाणपणाचे. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते आणि क्रेतेत सावली मिळत नाही, म्हणून पाणी गावातच भरून घ्यावे. आता विद्युत् साहाय्याच्या सायकली भाड्याने मिळू लागल्याने वयस्क प्रवासीही हे चढ करू शकतात.

सायकलीने रस्ता वाचविला, तरी खेडे पूर्ववत झाले असे म्हणता येणार नाही. १९८५ च्या राष्ट्रीय कायद्याने शेतकऱ्यास आपल्या शेतावर पाहुणे ठेवून पूरक उत्पन्न मिळविण्याची मुभा दिली आणि अनेक ओस घरांची छपरे पुन्हा शाकारली गेली. पण पुष्कळ घरे शहरी व परदेशी लोकांनी सुटीतील निवासासाठी विकत घेतली. जेथे एका छपराखाली तीन पिढ्या राबत होत्या, तेथे वर्षातून काही आठवडेच दिवे लागतात. मिश्र शेतीच्या जागी सलग द्राक्षमळे आले असून पूर्वीचे बांध व झाडांच्या ओळी पुष्कळ ठिकाणी नाहीशा झाल्या आहेत. रस्त्याकाठी बारा महिने राहणाऱ्या कुटुंबास उन्हाळ्यातील धूळ आणि हिवाळ्यातील खड्डे सोसावे लागतात; पांढरा रस्ता पांढराच राहावा, हा आग्रह त्यास पाहुण्याइतका गोड वाटेलच असे नाही. खडी दरवर्षी नव्याने पसरावी लागते, चर उपसावे लागतात. पूर्वी ही कामे वापरणाऱ्यांच्या श्रमातून होत. आता त्यांचा खर्च बव्हंशी लहान नगरपालिकांवर पडतो.