विषाणू आणि उत्तेजक द्रव्ये : मेंदूवरील दुहेरी आघात

एड्समुळे शरीराची प्रतिकारशक्ती खचते, हे आता सर्वज्ञात आहे. या रोगास कारणीभूत असलेला एचआयव्ही विषाणू मेंदूतही शिरतो, ही गोष्ट मात्र तितकीशी परिचित नाही. बाधित व्यक्तीस कोकेन किंवा मेथॲम्फेटामिन यांसारख्या उत्तेजक द्रव्यांचे व्यसन असल्यास मेंदूची हानी अधिक गंभीर होऊ शकते.

विषाणूचा प्रवेश

मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती अपायकारक घटकांना सहसा आत येऊ देत नाहीत. तथापि, संसर्गानंतर काही आठवड्यांतच विषाणूग्रस्त पांढऱ्या पेशी हा अडसर ओलांडू शकतात. एचआयव्ही प्रत्यक्ष चेतापेशींत शिरत नाही. तो मेंदूच्या संरक्षक पेशींत ठाण मांडतो. त्या पेशींतून स्रवणारी दाहजनक द्रव्ये व विषाणूची प्रथिने शेजारच्या चेतापेशींना इजा पोहोचवतात.

आघात एकाच ठिकाणी

डोपामिन हे रसायन प्रेरणा, लक्ष आणि हालचाल यांच्या नियमनात भाग घेते. कार्य संपताच चेतापेशी ते पुन्हा शोषून घेतात. कोकेन हे शोषण रोखते, तर मेथॲम्फेटामिन पेशींतील साठाच बाहेर लोटते. विषाणूचे ‘टॅट’ हे प्रथिनही याच शोषणात अडथळा आणते. वाढलेल्या डोपामिनमुळे संरक्षक पेशींना संसर्ग होणे सुलभ होते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांतून दिसून आले आहे. शिवाय ही द्रव्ये रक्तवाहिन्यांचा अडसरही दुबळा करतात.

विसराळूपणा म्हणजे बेफिकिरी नव्हे

स्मरणशक्ती मंदावणे, लक्ष न लागणे आणि निर्णय घेता न येणे, हे याचे परिणाम होत. अशा रुग्णाकडून औषधाच्या मात्रा चुकतात. मात्रा चुकल्या की विषाणू बळावतो आणि मेंदूची हानी वाढते. हे दुष्टचक्र भेदण्यासाठी विषाणूविरोधी औषधोपचार व व्यसनमुक्ती ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हावयास हवीत. नियमित औषधोपचारामुळे तीव्र स्मृतिभ्रंशाचे प्रमाण पुष्कळ घटले आहे. सौम्य दोष मात्र काही रुग्णांत टिकून राहतात.

शासकीय केंद्रांतून ही औषधे 2004 पासून विनामूल्य मिळतात. ‘1097’ या दूरध्वनी क्रमांकावर मार्गदर्शन उपलब्ध आहे. एचआयव्ही व एड्सविषयक 2017 च्या कायद्याने बाधितांशी भेदभाव करण्यास मनाई केली असून, कायद्यातील अपवाद वगळता, संमतीविना त्यांची स्थिती उघड करता येत नाही. उपचारात खंड पडलेल्या व्यक्तीस दोष न देता, गुप्तता राखून तिला पुन्हा केंद्रापर्यंत पोहोचविणे, हेच शिक्षक व पंचायत सदस्यांचे खरे साहाय्य ठरेल.