उंबरठ्याशी थांबलेली मनाई

भोपाळच्या एखाद्या शाळेत शिक्षकाने विद्यार्थ्याला छडी मारली, तर तो कायद्याचा भंग ठरतो. पण त्याच विद्यार्थ्याचे प्रगतिपुस्तक पाहून वडिलांनी घरी दोन थोबाडीत दिल्या, तर शेजारीही त्यात पडत नाहीत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली, मात्र ही मनाई घराच्या उंबरठ्याशी थांबते. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्‌हेतूने केलेले कृत्य, काही मर्यादांत, गुन्हा न मानण्याची तरतूद १८६०च्या दंड संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्येही ती कायम आहे. २०१५च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ७५ मुलाला ‘अनावश्यक’ यातना देणाऱ्यास शिक्षा सांगते. पण आवश्यक यातना म्हणजे कोणती, हे ठरवणे शेवटी मारणाऱ्याच्याच हाती राहते.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालछळाच्या पाहणीत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांसह तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. कुटुंबात शारीरिक छळ सोसलेल्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते, आणि याच पाहणीत मत विचारलेल्या प्रौढांपैकी ४४.५४ टक्के लोकांना शिस्तीसाठी मार आवश्यक वाटत होता.

मार खाल्लेली पिढी तरुण झाल्यावर त्या माराला विरोध करील, ही अपेक्षा स्वाभाविक असली तरी अनेकदा उलटेच घडते. शाळेतील छडीला ठाम नकार देणारे तरुण घरातील माराविषयी बोलताना मवाळ होतात आणि ‘आईबाबांनी मारले म्हणून वळण लागले’ असे मनापासून सांगतात. यामागे कृतज्ञता आहे, आणि तिला मराठी मनात भक्कम आधार आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने झोडपून विहिरीवर पाठवते आणि मागाहून त्याच्या अंगावरचे वळ पाहून कळवळते. वाचकाच्या मनात मार आणि माया इथे एकजीव होतात. मात्र श्याम घडला तो त्या मायेने. शिंपटी नसती तर तो घडला नसता, असे मानायला आधार नाही. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये सुमारे १,६०,००० मुलांविषयीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा चापट मारण्याचा संबंध चांगल्या वर्तनाशी नव्हे, तर आक्रमकपणा आणि मानसिक त्रास यांच्याशी आढळला.

तरुणांचा दुसरा आक्षेप मनाईच्या परिणामांवर असतो: कायदा झाला तर पोरे आईबापांना कोर्टात खेचतील. इंदूरमध्ये २०२१ साली मोबाइल व टीव्हीवरून होणाऱ्या रागावण्या-मारण्याबद्दल मुलांनीच आईवडिलांविरुद्ध गुन्हा नोंदवला आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने त्या खटल्याला स्थगिती दिली, तेव्हा या भीतीला खतपाणी मिळाले. भीती समजण्याजोगी आहे. परंतु हा खटला घरातील माराला स्पष्ट मनाई नसतानाच उभा राहिला, हे त्या चर्चेत निसटले. मनाई म्हणजे तुरुंगच असे नव्हे. १९७९ मध्ये जगात सर्वप्रथम अशी मनाई करणाऱ्या स्वीडनने ती पालकत्वाच्या कायद्यात घातली, तिच्यासाठी वेगळी शिक्षा ठेवली नाही, घरोघरी माहितीपुस्तिका पाठवल्या आणि दुधाच्या खोक्यांवरही मजकूर छापला. शेजारच्या नेपाळने २०१८ मध्ये घरासह सर्वत्र मनाई केली.

मनाईची वाट न पाहता अशी सुरुवात इथेही करता येईल. मध्य प्रदेशात दहावी-बारावीत अनुत्तीर्ण झालेल्यांना पुन्हा संधी देणारी ‘रुक जाना नहीं’ ही योजना भोपाळच्या राज्य मुक्त शाळा मंडळाने २०१६ मध्ये सुरू केली. राज्य ज्याला दुसरी संधी देते, त्याच्यावर निकालाच्या संध्याकाळी घरात हात उगारला जात असेल, तर संधी अर्धीच पोहोचते. गुणपत्रिकेसोबत पालकांसाठी एक पान जोडायला विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाही; त्या पानावर मारू नका एवढेच न लिहिता, रागाच्या भरात काय करता येते आणि मुलाशी बोलणे कसे सुरू करावे, हेही लिहिता येईल.