त्याच चिपची दुसरी घडण

एनव्हिडियाने मार्च २०१० मध्ये ‘जीटीएक्स ४८०’ हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आणले. त्याच्या चिपमध्ये गणन करणारे ५१२ घटक आखलेले होते. विक्रीच्या मालात मात्र ४८०च चालू ठेवावे लागले. आणखी घटक बंद केलेल्या चिपा ‘जीटीएक्स ४७०’ या नावाने कमी दरात विकल्या गेल्या. हिऱ्यांची प्रतवारी करणाऱ्या आपल्या पेढ्यांना हा व्यवहार नवा वाटू नये. उष्णतेची तक्रार मात्र सर्वत्र झाली.

नोव्हेंबरात ‘जीटीएक्स ५८०’ आले. कारखाना तैवानचाच, ४० नॅनोमीटरची प्रक्रियाही तीच. परंतु वेगाची निकड नसलेल्या जागी वीज कमी गळणारे ट्रान्झिस्टर योजून चिप नव्याने आखली होती. सर्व ५१२ घटक चालू झाले आणि विजेची घोषित मर्यादाही २५० वॅटवरून २४४ वर उतरली. किंमत ४९९ डॉलर. मार्चच्या ग्राहकानेही तेवढीच मोजली होती.