पाद्र्याची बायको, अड्यारची अध्यक्ष

चेन्नईत अड्यार नदी ओलांडली की थिऑसॉफिकल सोसायटीचं झाडांनी गच्च भरलेलं आवार लागतं. देऊळ, मशीद, चर्च, बुद्धविहार, सगळं एकाच कुंपणात! १९०७ पासून १९३३ मध्ये इथेच डोळे मिटेपर्यंत या संस्थेच्या अध्यक्ष होत्या ॲनी बेझंट. होमरूलवाल्या बेझंटबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असतात. त्या एका इंग्रज पाद्र्याची बायको होत्या, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं.

१८६७ साली, विशीत, त्यांचं लग्न रेव्हरंड फ्रँक बेझंटशी झालं. इंग्लंडच्या चर्चमध्ये लग्नात नवरी आज्ञापालनाची शपथ घेई; नवऱ्याला तशी शपथ नव्हती. आधार पौलाच्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा. पती हा पत्नीचं मस्तक, असं पौल त्यात म्हणतो. त्याच्या जरासं आधी, सर्वांनी एकमेकांच्या अधीन राहावं, असंही तो सांगतो. पण ते वचन नवरेमंडळींना सहसा पाठ नसतं!

१८७१ मध्ये लहानगी मेबल डांग्या खोकल्याने मरता मरता वाचली. निष्पाप लेकराला देव असा का छळतो? बाईंची श्रद्धा डळमळली. दोन वर्षांनी पतीच्या सिब्सीच्या रिकाम्या चर्चमध्ये दार लावून त्या एकट्याच व्यासपीठावर चढल्या आणि समोरच्या मोकळ्या बाकांना त्यांनी प्रवचन दिलं. बाईमाणसाला तिथे बोलायची मुभाच नव्हती. आपल्याला वक्तृत्व येतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

त्याच वर्षी पतीने बजावलं : प्रभुभोजनाला बसायचं, नाहीतर घर सोडायचं. पंचविशीतल्या बाईंनी घर सोडलं. मुलगा वडिलांकडे राहिला, मेबल आईकडे. पण १८७८ मध्ये न्यायालयाने मेबललाही काढून घेतलं. आईचं निरीश्वरवादी असणं हे त्यामागचं एक मोठं कारण. मोठी झाल्यावर दोन्ही मुलं आपणहून आईकडे आली.

आपल्याकडे गोष्ट वेगळी घडली. १८९५ मध्ये रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले, तेही बायकोला न सांगता. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. काही वर्षं ताटातूट झाली. पुढे त्या नगरला परतल्या, पण धर्म सोडून नव्हे. पती ख्रिस्ती, पत्नी हिंदू, असा संसार सुरू झाला. टिळकांची इच्छा लपलेली नव्हती, तरी त्यांनी जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला, तो त्यांच्या स्वतःच्या मनाने कौल दिल्यावरच.